फायरमनला कॅन्सरचं निदान झालं तर: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

अग्निशमन दलात कुणाला कॅन्सर निघाला की स्टेशनची माणसं धावून येतात. वर्गणी निघते, रक्तदाते उभे राहतात, कुणीतरी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतं. घोटाळा होतो तो क्रमाचा. आधी पैसे गोळा होतात, मग रुग्णालय ठरतं, मग कळतं की बायोप्सीचा ब्लॉकच मिळत नाही. रजेचा अर्ज दोन महिने उशिरा जातो. नोकरीशी आजाराचा संबंध दाखवणारे कागद मागायला कुणी गेलं, तोवर रजिस्टर रद्दीत निघालेलं असतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या महापालिका, नगरपालिका आणि एमआयडीसीच्या अग्निशमन दलातल्या जवानांच्या घरच्यांसाठी आणि त्यांच्या शिफ्टमधल्या सोबत्यांसाठी आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या. अपवाद सहाव्या टप्प्याचा. तो पहिल्या आठवड्यातच सुरू करून बाजूला चालू ठेवायचा आहे.

टप्पा १ : एक माणूस, एक फाइल

निदानाच्या दिवशीच दोन माणसं ठरवा. घरातलं एक (बायको, भाऊ, मोठी मुलगी, जे डॉक्टरशी शांतपणे बोलू शकेल ते) आणि स्टेशनवरचं एक. डॉक्टरशी घरचा माणूस बोलेल, ऑफिसशी स्टेशनचा. बाकी सगळ्यांनी या दोघांना विचारायचं. पाच जण पाच डॉक्टरांना फोटो पाठवू लागले की पाच सल्ले येतात आणि पेशंट घरातच बसून राहतो.

फाइलमध्ये दोन कप्पे करा. उपचाराच्या कप्प्यात सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, सर्वांत जुना खाली. नोकरीच्या कप्प्यात ओळखपत्र, शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती, नियुक्तिपत्र, रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक. प्रत्येक कागदाचा फोटो त्याच दिवशी मोबाइलमध्ये काढून ठेवा. थर्मल कागदावरची बिलं चार-सहा महिन्यांत पांढरी पडतात. त्यांची झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचून ठेवा.

*तपासा :* सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का? आधारवर 'ज्ञानेश्वर', सेवापुस्तकात 'ज्ञानोबा' आणि केस पेपरवर 'डी. के.' असेल, तर पुढे प्रत्येक खिडकीवर अडणार. रुग्णालयात पहिल्यांदा नाव नोंदवतानाच आधारप्रमाणे नोंदवा.

टप्पा २ : निदान पक्कं करून घ्या

'कॅन्सर आहे' एवढं पुरेसं नसतं. कोणता प्रकार, कुठून सुरू झाला, किती पसरला, या तीन प्रश्नांची उत्तरं लागतात. पहिलं उत्तर बायोप्सीतून येतं. काढलेला तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात, तो 'ब्लॉक'. त्याचा पातळ काप काचेवर घेतात, ती 'स्लाइड'. मोठं कॅन्सर रुग्णालय नुसत्या रिपोर्टवर विसंबत नाही. ब्लॉक आणि स्लाइड मागवून आपल्याकडे पुन्हा तपासतं.

म्हणून ज्या लॅबमध्ये बायोप्सी झाली तिथे लेखी अर्ज देऊन दोन्ही ताब्यात घ्या. ठोकळ्यावरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच उभं राहून जुळवा. ब्लॉक खिशात ठेवू नका, उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका. मेणच आहे ते. सीटी, एमआरआय, पेट स्कॅन यांची सीडीही घ्या, कारण छापील फिल्मवरून नव्या डॉक्टरांना फार काही करता येत नाही.

*सावधान :* बायोप्सीच्या आधी 'गाठ काढूनच टाकू' असं कुणी म्हणालं, तर थांबा. घाईने अर्धवट काढलेल्या गाठीमुळे पुढचं ऑपरेशन अवघड होतं.

याच टप्प्यावर एक प्रश्न लाजेपोटी राहून जातो. जवान तरुण असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर केमो सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं का, हे डॉक्टरांना विचारा. वृषणाचा कॅन्सर तरुण वयातच जास्त दिसतो, तिथे तर हा प्रश्न हमखास विचारायचा. पहिली केमो झाल्यावर विचारून उपयोग नाही.

टप्पा ३ : रुग्णालय ठरवा, मग नाव नोंदवा

सगळ्यांना परळचं टाटा हवं असतं. तिथला सल्ला घेणं योग्यच, पण सगळा उपचार तिथेच घेण्याचा हट्ट धरू नका. ऑपरेशन किंवा गुंतागुंतीचा निर्णय असेल तर टाटा. ठरलेल्या केमोच्या फेऱ्या आणि रेडिएशन मात्र घराजवळ होऊ शकतात. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय, बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल. चंद्रपूरच्या जवानाने दर तीन आठवड्यांनी मुंबई गाठायची, तर उपचारापेक्षा प्रवासच त्याला जास्त थकवतो. टाटाच्या डॉक्टरांना सरळ विचारा, 'हा प्लॅन आमच्या गावाजवळ कुठे होईल?' ते लिहून देतात.

नोंदणीच्या वेळी दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, जनरल की प्रायव्हेट. रांग लहान दिसली म्हणून प्रायव्हेट फाइल काढली जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या बिलाला घरचे हादरतात. वर्ग नंतर बदलून मिळणं सोपं नाही. तुमची महापालिका त्या रुग्णालयाला हमीपत्र देते का आणि कोणत्या वर्गासाठी देते, हे आधी आस्थापना विभागाला विचारा.

दुसरी, व्यवसाय. केस पेपरवर 'सर्व्हिस' असं मोघम लिहितात. तिथे 'अग्निशमन दल, प्रत्यक्ष आग विझवण्याचं काम, इतकी वर्षं' असं लिहून घ्या. डॉक्टर इतिहास लिहितात तेव्हाही हेच सांगा. केमिकल कंपन्यांच्या आगी, डम्पिंग ग्राउंडची दिवसेंदिवस धुमसणारी आग, बी.ए. सेट (धुरात श्वास घ्यायचं पाठीवरचं उपकरण) न लावता आत गेलेले प्रसंग, सगळं सांगा. तंबाखू-सिगारेटची सवय असेल तर तीही खरी सांगा. लपवली तर उपचारात चूक होईल आणि पुढे दाव्यातही तोंडघशी पडाल.

मुक्कामासाठी परळमधली नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा यांची चौकशी निघण्याआधी करा. दोन्हीकडे रुग्णालयाचे कागद लागतात, जागा मर्यादित असते. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यायचं. पहिल्याच भेटीत मागून घ्या.

टप्पा ४ : पैसा, पण वर्गणी सर्वांत शेवटी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बहुतेक सरकारी मदत उपचाराच्या आधी मागायची असते. आधी खिशातून भरून मग 'परत द्या' म्हटलं तर नकार येतो. वर्गणीचे पैसे पहिल्या दिवशीच भरून टाकले की ज्या मदतीवर हक्क होता तीच हातची जाते.

क्रम असा ठेवा.

१. *खात्याची सोय.* वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती, अंशदायी (पगारातून हिस्सा कापून चालणारी) वैद्यकीय योजना, गटविमा, यांपैकी तुमच्या दलाला काय लागू आहे ते आस्थापना विभागाकडून लेखी घ्या. पुणे महापालिकेची अंशदायी योजना आहे, दुसरीकडे वेगळी पद्धत असेल. शेजारच्या शहरातल्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. उपचारासाठी आगाऊ रक्कम मिळते का, हेही विचारा.

२. *महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.* आता ती सर्व रेशन कार्डधारकांसाठी खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. 'आपलं कार्ड पांढरं, आपल्याला नाही मिळत' हा समज जुना झाला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, काउंटर असतो. दाखल होण्याआधी रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन तिथे जा. पूर्वमंजुरी आल्याशिवाय पैसे भरू नका.

३. *धर्मादाय रुग्णालय.* राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात. उत्पन्नाची अट असते. कायम नोकरीतल्या जवानाला ती बहुधा आड येते, ठेक्यावरच्याला उपयोगी पडू शकते.

४. *मुख्यमंत्री आणि पंतप्रधान सहायता निधी, देवस्थानं व ट्रस्ट.* इथे रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. मंजूर रक्कम रुग्णालयाकडे जाते, तुमच्या खात्यात नाही. तहसीलमधून दाखला यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच टाका.

५. *वर्गणी.* योजनांमध्ये न बसणाऱ्या खर्चाला ती ठेवा. मुक्काम, सोबत्याचं जेवण, घरचा किराणा, मुलांची फी, कर्जाचा हप्ता. असाधारण रजेवर गेल्यावर पगार थांबतो, तेव्हा हीच रक्कम घर चालवते. पहिल्याच आठवड्यात दोन लाख हातात ठेवण्यापेक्षा शिफ्टने दरमहा ठरावीक रक्कम, पगाराच्या तारखेला, वर्षभर दिली तर कुटुंबाला जास्त आधार होतो.

*सावधान :* मूळ बिलं एकाच ठिकाणी जमा होतात. खासगी मेडिक्लेम असेल आणि खात्याकडूनही उरलेली रक्कम हवी असेल, तर विमा कंपनीकडून मंजुरीचं पत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती घ्या. तेच बिल दोन्हीकडे पूर्ण दाखवलं तर चौकशी लागते.

टप्पा ५ : रजा

तोंडी सांगून निघून गेलेला जवान कागदावर गैरहजर असतो. उपचाराला निघायच्या आधी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. आधी परिवर्तित (अर्धवेतनी रजेच्या बदल्यात मिळणारी पूर्ण पगाराची) आणि अर्जित रजा, मग अर्धवेतनी, अगदी शेवटी असाधारण. राज्याच्या रजा नियमांत क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात अशा आजारांसाठी वेगळी तरतूद आहे. ती तुमच्या महापालिकेने स्वीकारली आहे का, हे विचारताना अर्जात 'कर्करोग' हा शब्द स्पष्ट लिहा. 'आजारपणामुळे' एवढ्यावर नेहमीची रजा लागते.

*सावधान :* धक्क्याच्या भरात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊ नका. निदानानंतरच्या पहिल्या महिन्यांत असा सल्ला देणारे बरेच भेटतात, त्यात वरिष्ठही असतात. सेवेत असताना मिळणारे काही हक्क, उदाहरणार्थ अनुकंपा नियुक्ती, स्वेच्छानिवृत्तीनंतर कुटुंबाला मागता येत नाहीत.

*ठेक्यावरच्या जवानासाठी :* पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल, तर विमा क्रमांक शोधा. ठेकेदार देत नसेल तर जवळच्या ईएसआयसी शाखेत आधार घेऊन जा. दीर्घ आजारांच्या यादीत कॅन्सर आहे. दोन वर्षांची विमायोग्य नोकरी आणि पुरेशा दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर वेतनाच्या ८० टक्के दराने विस्तारित आजारपण लाभ मिळतो. हा लाभ रोख मिळतो, उपचार वेगळा. मध्येच ठेकेदार बदलला असला तरी विमा क्रमांक तोच ठेवा. दोन क्रमांक झाले की वर्गणीचे दिवस तुटतात.

टप्पा ६ : नोकरीशी संबंध, कागदावर

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर घडवणारं म्हणून वर्ग केलं. मूत्राशयाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा (फुफ्फुस किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर) यांच्यासाठी पुरावा पुरेसा मानला. मोठं आतडं, प्रोस्टेट, वृषण, त्वचेचा मेलानोमा आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) यांच्यासाठी मर्यादित.

कॅनडा-अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ठरावीक वर्षं सेवा झालेल्या जवानाचा ठरावीक कॅन्सर नोकरीमुळेच झाला, असं कायदा गृहीत धरतो. आपल्याकडे अग्निशमन जवानांसाठी तसं गृहीतक नाही. पुरावा आपल्याला उभा करावा लागतो. रस्ता मात्र आहे. १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अग्निशमन दलातल्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख आहे आणि तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक रोगांची यादी. त्या यादीत मूत्राशय, मूत्रपिंड, मूत्रनलिका यांच्या अस्तराचा प्राथमिक कॅन्सर आहे आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर व मेसोथेलिओमाही. जुन्या गोदामांचे सिमेंटचे पत्रे आगीत तडतडून फुटताना पाहिलेल्या जवानाला ॲस्बेस्टॉस कुठून आलं हे सांगावं लागत नाही, पण ते कागदावर आणावं लागतं. या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. त्यामुळे अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा ते वकिलाकडून पक्कं करा. दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. ती तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

गोळा करायचं ते असं :

– सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत, कोणत्या केंद्रावर किती काळ याच्या नोंदींसह.
– वर्दी रजिस्टरच्या (आगीच्या प्रत्येक कॉलची नोंद असते त्या) प्रती. सगळ्या नकोत. केमिकल, प्लास्टिक, टायर, भंगार गोदाम, डम्पिंग अशा मोठ्या वर्द्यांच्या तारखा जवानाला आणि सोबत्यांना आठवून लिहायला सांगा, मग त्याच तारखांच्या नोंदी मागा.
– त्या काळात केंद्रावर चालू स्थितीत किती बी.ए. सेट होते, याची साठा नोंद.
– दोन-तीन सोबत्यांची लेखी निवेदनं, निवृत्तांचीही. तारीख, ठिकाण, किती तास धुरात होतो, अंगावर काय होतं.
– डॉक्टरांच्या पत्रात व्यवसायाचा उल्लेख.

आधी साधा अर्ज द्या. हालचाल नाही झाली तर माहितीचा अधिकार. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. 'माझ्या सर्व वर्द्या द्या' असं मागितलं तर 'माहिती विस्तृत आहे' म्हणून उत्तर येतं. तारीख आणि केंद्र लिहून मागा. जुनी रजिस्टरं ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, म्हणून हा अर्ज पहिल्या आठवड्यातच गेला पाहिजे.

*सावधान :* तोंडाचा कॅन्सर आणि वर्षानुवर्षांचा तंबाखू असेल, तर या दाव्यामागे कुटुंबाची ताकद घालवू नका. वरच्या यादीत तो नाही. बाकीचे सगळे टप्पे त्या जवानालाही तितकेच लागू आहेत. 'स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं' अशी कुजबुज स्टेशनवर सुरू झाली, तर स्टेशन ऑफिसरने ती तिथेच थांबवावी.

टप्पा ७ : उपचार चालू असताना घर आणि स्टेशन

केमोनंतरच्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त गेला तर सकाळची वाट बघायची नाही. क्रोसिन देऊन झोपवायचं नाही. रात्री दोन वाजताही रुग्णालय. थर्मामीटर पेशंटच्या उशाशी, तातडीचा नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत चिकटवलेला. रात्री गाडी घेऊन येईल असा शिफ्टमधला माणूस आठवड्यागणिक ठरलेला हवा. स्टेशनने करायच्या सगळ्या कामांत मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

भेटायला पूर्ण शिफ्ट एकदम जाऊ नका. दोघे जा, सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. 'काही लागलं तर सांग' असं म्हणून निघाल्यावर कुणी काही सांगत नाही. त्यापेक्षा ठरवून घ्या : मंगळवारचा डबा माझ्याकडून, मुलाला क्लासहून मी आणतो, गॅस सिलिंडरचं मी बघतो. रक्तदात्यांची यादी गटाप्रमाणे करा आणि प्लेटलेट देणारे वेगळे लिहा. सगळ्यांनी एकाच दिवशी रक्त दिलं तर पंधरा दिवसांनी गरज पडल्यावर कुणी उरत नाही.

जडीबुटी, परदेशी काढे, 'अमक्या गावचं औषध', जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगा. काही गोष्टी केमोच्या औषधाशी जुळत नाहीत.

घरी पलंगाखाली आगीतला गणवेश, बूट, हेल्मेट ठेवलेलं असेल तर स्टेशनवर परत न्या. त्यात काजळी मुरलेली असते. मुलांच्या कपड्यांबरोबर ते धुवायचे नाहीत.

*तपासा :* बायकोशी एकटीशी कुणी बोललं आहे का? हप्ता किती, कुणाकडून उसने घेतले, एटीएमचा पिन माहीत आहे का? तिच्याशी हे बोलायला स्टेशनच्याच एखाद्या सोबत्याची बायको गेली तर बरं.

टप्पा ८ : कामावर परत येताना

उपचार संपले म्हणजे दुसऱ्या दिवशी बंबावर नाही. फिट प्रमाणपत्रात 'कामास योग्य' एवढंच नको. धुरात जाणं, बी.ए. सेट लावणं, वजन उचलणं, शिडी चढणं यांपैकी काय चालेल आणि काय नाही, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. त्या आधारावर नियंत्रण कक्ष, तपासणी किंवा प्रशिक्षणाचं काम मागता येतं.

कायमचं अपंगत्व आलं असेल, उदाहरणार्थ स्वरयंत्र काढावं लागलं किंवा हात-पाय गेला, तर अपंगत्व प्रमाणपत्र काढा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. त्याच वेतनावर दुसरं काम द्यावं लागतं, जागा नसेल तर अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा) पद निर्माण करावं लागतं. नुसता कॅन्सर या कायद्याच्या यादीत नाही, म्हणून प्रमाणपत्रावर अपंगत्वाचा प्रकार नेमका हवा.

टप्पा ९ : उपचार थांबवायची वेळ आली तर

डॉक्टर 'आता त्रास कमी करण्यावर भर देऊ' म्हणाले की वेदनाशमन विभागाकडे पाठवायला सांगा. मॉर्फीन प्रत्येक दुकानात मिळत नाही, ते तिथूनच सुरू करून घ्यावं लागतं. जवान शुद्धीत आणि सहीच्या स्थितीत असतानाच भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), गटविमा, निवृत्तिवेतन आणि बँक खाती यांची नामनिर्देशनं तपासा. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर अजून आईचंच नाव असतं, असं बऱ्याच सेवापुस्तकांत निघतं. हे बोलणं घरच्यांना जड जातं. त्यांच्या वतीने स्टेशनच्या माणसाने सेवापुस्तक उघडून बघावं आणि बदलायचे फॉर्म भरूनच घरी न्यावेत.

मृत्यूनंतर रुग्णालयाच्या मृत्यू कारणाच्या प्रमाणपत्रावर फक्त 'हृदयक्रिया बंद' लिहिलं आहे की मूळ कारण म्हणून कॅन्सरही नोंदवला आहे, ते दवाखाना सोडण्याआधी बघा. नंतर दुरुस्तीला फार खेटे पडतात. कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपा या दोन्हींचे अर्ज वेगवेगळे असतात. दोन्हींची मुदत आस्थापना विभागाकडून लेखी घ्या. नुकसानभरपाईचा दावा वारसांनाही करता येतो आणि पत्नीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. टप्पा ६ मध्ये गोळा केलेले कागद तसेच उचलून त्या वकिलाकडे द्यायचे.